तिरक्या पट्ट्या

बाबा,

मी बनवलेल्या पहिल्या इलेक्ट्रिक गिटारच्या मानेवरच्या, सूर ठरवणाऱ्या धातूच्या पट्ट्या तुम्ही टेबलाचे कोपरे तपासावेत तशा सुताराचा काटकोनी गुण्या लावून तपासल्यात. गिऱ्हाइकासमोर म्हणालात, "पोरीला साधी सरळ रेघ येत नाही." मग त्या उपटून काटकोनात बसवल्यात. त्यानंतर ती गिटार कधी सुरात लागली नाही, आणि नाव माझं खराब झालं.

जाड तारेला लांबी जास्त लागते, बारीक तारेला कमी. म्हणून त्या पट्ट्या पंख्याच्या काड्यांसारख्या पसरलेल्या होत्या. तुम्ही विचारलंच नाहीत.

आज तेच गिऱ्हाईक ती गिटार घेऊन माझ्या दुकानात आलं. मी पट्ट्या पुन्हा तिरक्याच ठोकल्या आणि स्वतः वाजवून दाखवली. जाड तार अशी घुमली की काच थरथरली. ते म्हणालं, "वडिलांना कळवा."

कळवणार नाही; हे पत्रही पाठवणार नाही. तुम्ही पत्र वाचायच्या आधी ओळींना गुण्या लावाल.

सरळ रेघ न येणारी,
तुमचीच पोर