टीव्हीतल्या मरणाचं सुतक

अहो,

काल टीव्हीतला म्हातारा काय झकास मेला! जीव गेल्यावर डोळं उघडलं, उशी सारखी केली आणि परत मेला. असली कला लई पुण्याईनं बघायला मिळती. तुमच्या आईंनी त्याचं सुतक धरलंय, आज चूल पेटवू देत न्हाईत. शेजारच्या बायडाबाईंनी रीतीप्रमाणं पिठलं-भाकरी आणून दिलीय. दोघं जेवा.

मी माहेरी, कडोलीला चालले. आज आमच्या आप्पांचं मासिक हाय. गेल्या महिन्यात ते गेल्याचा सांगावा आला, तवा ह्याच चुलीवर सगळ्यांच्या भाकरी थापल्या, मगच मला निघायला मिळालं.

आप्पांना कुठली असली कला! एकदा डोळं मिटलं ते मिटलंच.