काळा रंग दिलेलं कार्बन

मंगळवार, संध्याकाळ

किळस आली आज. साबणाने हात धुऊनही नखांतला काळा रंग जात नाही.

मिरजगावच्या शाळेत मी पोरींना तिरंदाजी शिकवते. मी स्वतः बांबूच्या धनुष्यावर शिकले, पोरी अजून त्यावरच खेळतात. बाहेर लाकूड गेलं, फायबर आलं, आता कार्बन. म्हणून आमच्या भागाचे आमदारसाहेब शाळांना कार्बनची धनुष्यं वाटणार म्हटल्यावर सगळ्यांत जास्त मीच हरखले होते.

आज वाटपाच्या कार्यक्रमात स्टेजवर एका धनुष्याच्या वाकत्या पात्यावर सहज नख ओढलं, तर रंगच निघाला. खाली जुनं फायबर, थर सुटत आलेले. साहेबांच्या माणसाला बाजूला घेतलं. "हे ओढलं तर तुटेल. पोरीचा डोळा जाईल."

तो म्हणाला, "मॅडम, फोटोपुरतं धरू द्या की."

तेवढ्यात साहेब माझ्या संघातल्या ऋतुजाला म्हणाले, "ओढून दाव, बाळा." तिने दोरीला हात घातला. मी धनुष्य हिसकावलं आणि गुडघ्यावर दाबलं. कडकन मोडलं. साहेब हसून म्हणाले, "दुसरं द्या तिला." लोकांनी टाळ्या वाजवल्या. कशाला वाजवल्या? मी नखांकडे बघत उभी.

एकही धनुष्य शाळेत येऊ दिलं नाही. गेटपाशी ऋतुजाचे वडील म्हणाले, "फुकाट मिळत हुतं मॅडम. कशाला वाद घातला?" त्यांच्यावर तरी काय चिडायचं?

ऋतुजा मात्र हळूच म्हणाली, "जिल्ह्याला समोरच्या पोरी खऱ्या कार्बनवर खेळत्यात. आमी कदी खेळायचं?"