डबा रिकामा देऊ नये

९ जाने.
विभागात नवं परिपत्रक लागलं. पैसे घेऊन शिकवणाऱ्या आम्हा संशोधक विद्यार्थ्यांसाठी. परवानगी घ्या, विभागाच्या खोल्या वापरू नका, इथवर ठीक. पुढे: ज्यांची प्रात्यक्षिकं तुम्ही घेता, ज्यांचे गुण तुमच्या हातात, त्यांची शिकवणी घ्यायची नाही, मोबदला रोख नको, वस्तुरूपातही नको. मोडलं तर प्रात्यक्षिकांचं काम जाणार. त्याच कामावर माझी सांगलीतली खोली चालते.
नियम वाईट नाही. मी केला असता तरी असाच केला असता. पण स्नेहल दिवाळीपासून माझ्याकडे गणिताचा राहिलेला पेपर शिकतेय, आणि या सत्रात नेमकी तिचीच बॅच माझ्या गळ्यात. विभागप्रमुखांकडे (यापुढे वि.प्र., हात दुखतो) बॅच बदलून मागितली. वेळापत्रक लागलंय म्हणाले. मग फुकट शिकवू का? तर म्हणे, फुकट कोण शिकवतं, विश्वास कोण ठेवणार?

१० जाने.
स्नेहलला सांगितलं, आजपासून बंद. "बरं मॅडम," एवढंच म्हणाली. गेली. तिच्या आईचा डबा माझ्याकडेच राहिला. इस्लामपूरकडची माणसं, पोरीला शिकवणारीला उपाशी ठेवत नाहीत.
हा पेपर सुटला नाही तर तिचं दुसरं वर्ष अडलं. मला माहितेय, तिलाही.

१४ जाने., संक्रांत
साताऱ्याला घरी जाणं झालं नाही. आईचा फोन. डबा परत द्यायचाय म्हटल्यावर लगेच, "रिकामा देऊ नकोस गं, चिमूटभर साखर तरी घाल." तिळगूळ घातला. प्रात्यक्षिकानंतर स्नेहलला दिला. घ्यायचं नाही असा नियम आहे, द्यायचं नाही असा नाही.

२३ जाने.
डबा आला. शेंगदाण्याची चटणी आणि गूळ. नको म्हटलं. "परत नेला तर आई इचारंल." ठेवून घेतला. मेलेली भूक, तरी चटणी संपवली. शिकवलंच नाही काही, तर मोबदला कशाचा? असं मनाला समजावून डबा धुतला. उद्या चिक्की घालून देईन. लागलं रहाटगाडगं.

१२ फेब्रु.
जर्नलं तपासून मान धरली. डब्याची ये-जा चालूच. माझा प्रबंध मात्र आहे तिथंच, चौथ्या प्रकरणात…

१८ फेब्रु.
आज स्नेहलचे वडील विभागात आले. फौजेतून निवृत्त, ताठ चाल, हातात डबा. वि.प्र. दारातच उभे. "मॅडम, लय उपकार हायेत तुमचे. शेवटच्या एस.टी.नं येती पोरगी, म्हंती मॅडम थांबवून घेत्यात."
ही घरी बोललीच नाही! आणि त्यांनी तरी का शंका घ्यावी? डबा दरवेळी भरून येतोय, म्हणजे शिकवणी चालू आहे. तो भरून पाठवणारी मीच.
बंद केलीय म्हणावं तर पोर बापासमोर उघडी पडते. गप्प बसावं तर मी. मी म्हणाले, "बसा, चहा घ्या." धन्य माझी.
ते गेल्यावर वि.प्र. आवाज न चढवता म्हणाले, सोमवारी लेखी खुलासा. आवाज चढवला असता तर बरं वाटलं असतं.

१९ फेब्रु.
स्नेहलला गाठलं. रोज संध्याकाळी कुठं असतेस? एस.टी. स्टँडवर, बाकावर, गणितं सोडवत.
"बंद झाली म्हणलं आसतं तर आप्पा म्हणले आसते, मग लवकर घरी ये. घरात गणित हुईत न्हाई मॅडम."
राग आला. आला तसा गेलाही. वही उघडून दाखवली तिनं. एका गणितात मध्येच चिन्ह चुकलेलं, खालचं सगळं वाया. मी बोट उचललं आणि परत खाली घेतलं. आजवर पाळलेला सगळ्यात घाणेरडा नियम.
रविवारपर्यंत घरी सांग म्हटलं. नाहीतर माझ्या खुलाशातून कळेल, वि.प्र. आप्पांना फोन करणारच.

२० फेब्रु.
डबा रिकामा दिला. आयुष्यात पहिल्यांदा. तिनं हातात घेतला, हलका लागला असणार, वर बघितलंच नाही. माझ्या आईला हे सांगितलेलं नाही.

२२ फेब्रु., रवि.
खुलासा लिहिला. शिकवणी जानेवारीतच बंद केली, डबे घेतले ते चुकलं. खरं तेवढंच, तरी चहाडी केल्यासारखं वाटतंय. स्नेहलचा फोन नाही. मीही केला नाही. थकले.

२३ फेब्रु., सोम.
वि.प्र. बैठकीत आहेत, बाहेर बाकावर बसून लिहितेय.
मघाशी जिन्यात स्नेहल उभी होती. डबा पुढं केला. जड. डोळे सुजलेले, रडून की जागून, कळेना. "सांगितलंस घरी?"
"आईनं म्हणलंय, आदी हे मॅडमना दे."
आणि वर्गात गेली. सांगितलं म्हणून आईनं भरला, की अजून काहीच माहीत नाही म्हणून? आत चिठ्ठी वगैरे असली तर… उघडायचा धीर नाही.
खुलासा पिशवीत आहे. शिपायानं आत बोलावलंय. डबा बाकावर ठेवून जावा तर कुणी उचलेल, आत न्यावा तर वि.प्र. बघतील. मांडीवर अजून कोमट लागतोय.