एन्नियोच्या नावाचा पाव

अहो,

१९४३ च्या थंडीत आपला एन्नियो रशियाच्या आघाडीवर बेपत्ता झाला. मृतांच्या दिवशी आपण गेलेल्या प्रत्येकाच्या नावाने एकेक पाव भाजतो, पण तेव्हापासून त्याच्या नावाचा पाव मी या घरात भाजू दिला नाही. मागच्या वर्षी तुम्ही चाचरत म्हणालात, "एर्मिनिया, पीठ उरलंय, त्याचा करू का?" मी अंगावरच आले, "जित्या पोराचं पान वाढताय? अक्कल गहाण टाकलीत का?"

काल बाजारात त्याच्या तुकडीतला दुइलियो भेटला. म्हणाला, "काकू, बर्फात त्याचे डोळे मीच मिटले. तुम्ही अजून त्याचं अंथरूण घालता, म्हणून इतकी वर्षं जीभ रेटली नाही."

तुमच्यासमोर माझीही रेटली नाही, म्हणून हे लिहितेय.

सुके अंजीर, बदाम घालून पीठ मळलंय. तुमच्या आईबापांचे आणि माझ्या बहिणीचे पाव थापून ठेवलेत. फडक्याखाली एक गोळा तसाच आहे. तो तुम्ही थापा, माझ्या हातून होत नाही. आच मंद ठेवा, कडा लवकर करपतात.

मी चर्चमध्ये आहे. भाजल्याचा वास घरातून गेला की येईन.

एर्मिनिया