मिटलं का त्यांचं?

पप्पा, त्यांचं मिटलं. माझ्या बँडमधला गाणारा आणि गिटारवाला परत एका स्टेजवर उभे राहिले. सकाळी गाडीत रेडिओवर ऐकलं आणि शेजारच्या सीटकडे वळून मी म्हणाले, "ऐकलंत का?" इतकी वर्षं झाली तुम्हाला जाऊन, पण ही खोड काही जात नाही.

तिकडे आखातात, रुवैसच्या रिफायनरीतून तुम्हाला सुट्टी मिळाली की आपण गाडीने अल ऐनला निघायचो. मी त्या अमेरिकन बँडची कॅसेट घालायचे आणि तुम्ही कपाळाला हात लावायचात. "अगं, हे गाणं आहे की कंप्रेसर बिघडलाय?" "पप्पा, इट्स हार्ड रॉक!" "मग दगडच ना तो? डोकं फुटणारच." पण माझी बडबड ऐकून तुम्हाला सगळं पाठ झालं होतं: एका गल्लीत वाढलेली दोन पोरं, गॅरेजमधली सुरुवात, भरलेली स्टेडियमं. मग गाणारा भांडून निघून गेला. नवा आणला, तो कोणाला आवडला नाही. मी रडले तर तुम्ही हसलात, "तुझ्या बँडचा बँड वाजला!"

त्याच वर्षी आजी गेली. कंपनीने ठेवून घेतलेला पासपोर्ट हातात येईपर्यंत तिकडे वसईत माती देऊन झाली होती. काका फोनवर म्हणाले, "दुबईवाल्यांना आईपेक्षा नोकरी मोठी." तुम्ही दुबईत एक दिवसही राहिला नव्हतात, पप्पा. फोन ठेवून एवढंच म्हणालात, "खलास." त्यानंतर घरात काकांचं नाव निघालं नाही.

मात्र तेव्हापासून जेवताना मध्येच विचारायचात, "मिटलं का गं त्यांचं?" मला वाटायचं, चिडवताय. "नो, पप्पा." "मिटेल, इन्शाल्ला. एकत्र वाढलेली पोरं आहेत." अल ऐनच्या हॉस्पिटलात ऑक्सिजनचा मास्क बाजूला करून तेच विचारलंत, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की हा प्रश्न बँडबद्दल नव्हताच.

वसईत तुमच्या मयताला काका सगळ्यांत पुढे होते, ढसाढसा रडत. असा संताप आला मला! जिवंतपणी एक फोन केला असता तर काय बिघडलं असतं? की तुम्हीही वाटच बघत बसलात?

आता दर नाताळला काकांचा फोन येतो. नंबर दिसतो, मी बघत बसते, रिंग थांबते. हे पत्र पाठवायचं तरी कुठे? आणि तुम्ही परत विचारलंत, तर मला आजही "नो, पप्पा" असंच म्हणावं लागेल.