शिडी तुमची, चढणार मी

३ एप्रिल, सकाळी
खासदारकीचा अर्ज भरला. अपक्ष. आजपासून ही वही. वाचणारा मी एकटाच, म्हणजे खोटं लिहायचं कारण नाही. मोठ्या पक्षाने मला तिकीट नाकारलं असं गल्लीत बोलतात. साफ खोटं. त्यांच्या ऑफिसात मी गेलो तेव्हा कुलूप होतं.

ताईला आठवा महिना. म्हणाली, बाळ आलं की बाहेरची खोली लागेल, मग तू झोपणार कुठे? म्हटलं, राजधानीत. खासदारांना बंगला असतो. भाऊजी रंगारी, मोजकं बोलतात. म्हणाले, बरं, पण पडलास तर दुसऱ्या दिवसापासून माझ्याबरोबर कामावर यायचं आणि माझ्या रंगाच्या गोदामावरच्या खोलीत राहायचं. कबूल करून टाकलं. पडणार असतो तर विचार केला असता.

सहा वर्षांत नऊ नोकऱ्या झाल्या. एकाही मालकाने मला काढलेलं नाही, प्रत्येक वेळी मीच आधी निघालो. याला निर्णयक्षमता म्हणतात.

६ एप्रिल
चिन्ह मिळालं : शिडी. झकास. भाऊजींची दहा फुटी शिडी प्रचारासाठी मागितली. म्हणाले, मला कामाला लागते. म्हटलं, देशाला जास्त लागते. दुपारी ते टेबलावर स्टूल ठेवून कुणाचं तरी छत रंगवत होते म्हणे. त्यागाची सुरुवात घरातूनच व्हायला हवी.

ताईने मतदारसंघाचा नकाशा आणून दिला. म्हणाली, नीट बघ, आणि मोठ्या रस्त्याच्या अलीकडेच फिर, पलीकडे जाऊ नकोस. बहिणीचं काळीज! अगं, सत्तावीस वर्षांचा घोडा झालोय, रस्ता ओलांडता येतो मला. नकाशा भिंतीवर लावून त्याच्यासमोर फोटो काढला. नंतर कळलं, नकाशा उलटा लागलाय. फोटोत मी चांगला आलोय, म्हणून राहू दिला.

८ एप्रिल
पहिली फेरी, आपल्याच गल्लीत. टेलरकाका म्हणाले, अरे पाहुण्या, परत आलास? जाणार कधी? (गल्लीत मला 'पाहुणा' म्हणतात. प्रेमाने.) इस्त्रीवाल्याने विचारलं, तू बोटीवर चालला होतास ना, बोट चुकली का? गिरणीवाल्या काकूंनी मुद्दे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, शिडी आणलीच आहेस तर तेवढी माळ्यावरची जळमटं काढ बाबा. काढली. रिटायर्ड मास्तर म्हणाले, निवडून आलास तरी पहिलं अधिवेशन संपेपर्यंत टिकशील का?
चार घरं, तीन जळमटं. गल्लीची अजून मानसिक तयारी नाही.

९ एप्रिल
रस्ता ओलांडला. (दोन्हीकडे बघून.) काय जनता आहे! चहाच्या हॉटेलवाल्याने स्वतःची खुर्ची दिली. 'साहेब' म्हणाला. इतके दिवस कुठे होतास, पुढे काय करणार, असलं एकानेही विचारलं नाही. अख्खा दिवस तिथेच गेला. जाहीरनामा तिथेच लिहिणार.

१३ एप्रिल
संकल्प : पहाटे पाचला उठणे, रोज पाचशे घरं.
उठलो ९.४०. शिडी वाहून खांदा धरलाय.
जाहीरनाम्याचा पहिला मुद्दा लिहिला. दुसऱ्याला बसलो तर समोरच्या दुकानात एकजण भिंतीवरचं घड्याळ उघडून दुरुस्त करत होता. बघता बघता संध्याकाळ झाली. आता मलाही येतं. दुसरा मुद्दा : घड्याळं.

१६ एप्रिल
घोषणा सुचली : 'शिडी तुमची, चढणार मी.' इतकं प्रामाणिक आजवर कुणी लिहिलं नसेल. भाऊजींच्या निळ्या ऑइलपेंटने चौदा भिंतींवर लिहिली, सगळ्या हॉटेलच्या बाजूला. भाऊजींनी घोषणा दोनदा वाचली आणि डबा किती उरलाय ते बघितलं.

२० एप्रिल
हॉटेलपाशी सभा. साठ माणसं! (चाळीस तरी.) हॉटेलवाल्याने सर्वांदेखत शब्द दिला, आमची अख्खी वस्ती शिडीला. जेवताना घरी सांगितलं. भाऊजींनी विचारलं, कुठला हॉटेलवाला? म्हटलं, पलीकडचा. त्यांचा घास हातातच राहिला. ते ताईकडे बघायला लागले, ताई त्यांच्याकडे. सामान्य माणसाला लाट अशीच अचानक दिसते. ताई काहीतरी सांगायला लागली, तेवढ्यात फोन आला. म्हटलं, आता निकालानंतर निवांत सांग.

२४ एप्रिल, मतदान
सकाळी दहाला हॉटेलवाल्याचा फोन. साहेब, मशीनवर शिडीच नाही हो! पंखा आहे, बादली आहे, तुम्ही नाही. वस्ती रांगेत उभी आहे, काय करू?
कारस्थान! धावत पलीकडे गेलो. केंद्रावरच्या अधिकारी बाईंवर असा काही बरसलो की रांगेतल्या दोघांनी टाळ्या वाजवल्या. बाई शांत. म्हणाल्या, उमेदवार कुठले तुम्ही? मग त्यांनी नकाशा काढला. तोच नकाशा, फक्त सुलटा. मोठ्या रस्त्यावर बोट ठेवून म्हणाल्या, तुमचा मतदारसंघ या रस्त्याशी संपतो. हा शेजारचा.
हॉटेलवाल्याने चहा दिला. 'साहेब' म्हणाला नाही. संध्याकाळपर्यंत तिथेच बाकावर बसलो. अलीकडे आलो तर आमचं मतदान केंद्र असलेल्या शाळेचं फाटक बंद झालेलं.
माझं मत राहिलं.

२८ एप्रिल, निकाल
एकूण ३४१. म्हणजे मला कधीही न भेटलेल्या तीनशेहून जास्त लोकांचा माझ्यावर विश्वास आहे. भेटलो असतो तर काय झालं असतं!
आमच्या शाळेच्या केंद्रावर : १.
ताई म्हणाली, ते माझं. नंतर भाऊजी मला बाजूला घेऊन म्हणाले, ते माझं, ताईला बोलू नकोस.
दोघांनाही थँक्यू म्हटलं. पुढे विचारलं नाही.
बाहेरची खोली रिकामी केली. एक पिशवी, एक नकाशा.

२९ एप्रिल
आठला हजर. भाऊजींनी पहिलं काम दिलं : चौदा भिंती. पलीकडच्या घरमालकांची तक्रार आलीय. दिवसभर शिडीवर. ऑइलपेंट चिवट, पांढऱ्यातून निळा पुन्हा वर येतो. 'शिडी तुमची' दोन हातांत गेलं, 'चढणार मी' अजून दिसतंय. हॉटेलवाल्याने शिडी खालून धरली होती. म्हणाला, हात जड ठेव रे, पट्टे पडतायत.
संध्याकाळी शिडी खांद्यावर घेतली. सहा वर्षांत पहिल्यांदाच मालकाआधी निघालो नाही. मोठ्या रस्त्यापाशी आलो तेव्हा भाऊजी थांबले, माझ्या दंडाला धरलं, आणि एवढंच म्हणाले, बघून ओलांड.