अंगठ्यांनी धरलेली धडधड

ता. मोताळा
१४ डिसेंबर २०२४

चि. इंद्रभान यास ताईचा जय भीम आणि भरभरून आशीर्वाद.

इकडे सारे बरे. कपाशीची दुसरी वेचणी चालू आहे, तुरीच्या शेंगा भरल्या आहेत. खामगावात थंडी कशी आहे? नऊ वर्षं माझा फोन उचलला नाहीस, म्हणून कागद धरला.

लहान्या, मी जिंकले! आधी ते ऐक.

वर्षभर माझ्या छातीत मधूनच कोंबडी फडफडल्यासारखं व्हायचं. दवाखान्यात पोचेपर्यंत कोंबडी गप्प. तिथली ईसीजीची पट्टी दर वेळी साफ. डॉक्टर म्हणायचे, "आजी, गॅस आहे." शेवटी नात मनालीनं साबणाच्या वडीएवढं यंत्र आणलं. दोन्ही अंगठे त्यावर अर्धा मिनिट धरले की काचेवर ठोक्यांची रेघ उमटते. पण माझे अंगठे वेचणीनं फुटलेले. मी त्यांना खोबरेल चोळायची, अन् यंत्र रोज म्हणायचं, 'पुन्हा प्रयत्न करा'.

मनाली हसली, "आजी, भजे तळून राह्यली का त्याच्यावर? तेल पुस, पाणी लाव."

मग मी ते कापसाच्या ओटीतच ठेवू लागले. मंगळवारी भर दुपारी वेचताना फडफड सुरू झाली. अंगठे ओले केले, बांधावर बसले, हात मांडीवर टेकवले. उमटली रेघ! नवख्या हातानं मातीत टोबलेली सरकी जशी, कुठं दाटी, कुठं खाडा.

शेजारच्या ओळीत वेचणारी सत्यभामाबाई ओरडली, "छाती धडधडते म्हने, अन् हासून काऊन राह्यली वं?"

"चोर सापडला, बाई!"

डॉक्टरांनी रेघ दोनदा पाहिली, स्वतःही तपासलं. ठोके अनियमितच निघाले. त्यातून रक्ताची गाठ होऊन लकवा होऊ शकतो, म्हणाले, पण वेळेत आलात. गोळ्या सुरू आहेत.

लकवा ऐकलं अन् मला आई आठवली.

आईही फडफडच म्हणायची ना रे? तिला दवाखान्यात न्यायला तू गाडी दारात आणलीस अन् मी तिला ओवा चारून तुलाच सुनावलं, "गॅस हाय, नाटकं करू नको." चौथ्या दिवशी तिची उजवी बाजू गेली. तुझं खरं होतं, इंद्रभान. एवढं एक वाक्य लिहायला मला नऊ वर्षं लागली.

पन्नाशीत अक्षरं गिरवून सही शिकले, तेव्हापासून मला अंगठ्याची लाज वाटायची. आता नाही वाटत.

तू तिचाच मुलगा. रविवारी ये, तुझेही ठोके पाहू. यंत्र पुसून ठेवलंय, शेजारी पाण्याची वाटी. तेल फक्त भज्यांना.

सही केली आहे, बाजूला अंगठाही उमटवला आहे.

तुझी चुकलेली अन् वाचलेली,
ताई